ठिपकीचं पान आणि बादलीभर गोडं पाणी

ऐका हं. ही गोष्ट आहे ठिपकीची.

ठिपकी म्हणजे एक किडा. एवढुसा! हरभऱ्याच्या डाळीएवढा. लाल लाल पाठ. पाठीवर काळे काळे ठिपके.

ठिपकी राहायची गॅलरीत. गॅलरी द्वारकाआत्याची. गॅलरीत होती एक लांब पांढरी नळी. नळीला गोल गोल भोकं. भोकात रोपं. माती? माती नाहीच! रोपं वर, मुळं खाली. मुळं पाण्यात लोंबायची. डुबुक डुबुक!

तिथं होता एक पुदिना. पुदिन्याला एक मोठं पान. त्या पानाखाली ठिपकी झोपायची.

एके दिवशी काय झालं? पान झालं पिवळं. पान झालं वाळकं. आणि पान पडलं. टप्प!

ठिपकी उन्हात एकटी. पाठ भाजली. चर्र चर्र! ठिपकीला रडू आलं.

ठिपकी म्हणाली, "पुदिनादादा, पुदिनादादा, मला नवं पान दे ना!"

पुदिना म्हणाला, "नाही गं ठिपके, नाही नाही. कसं देऊ? मुळांना पाणी लागतंय खारट. नळीनं गोडं पाणी आणलं, तर देईन पान."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्रर्र! गेली नळीकडे.

"नळीताई, नळीताई, गोडं पाणी आण ना!
पुदिना पान देईना,
ठिपकीनं झोपावं कुठं?"

नळी म्हणाली, "नाही गं ठिपके, नाही नाही. कुठून आणू? गेल्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं. आत्यानं बोअरचं पाणी भरलं. ते निघालं खारट. बादलीनं पाणी दिलं, तर आणीन मी."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्रर्र! गेली बादलीकडे.

"बादलीमावशी, बादलीमावशी, पाणी दे ना!
नळी पाणी आणेना,
पुदिना पान देईना,
ठिपकीनं झोपावं कुठं?"

बादली म्हणाली, "नाही गं ठिपके, नाही नाही. माझ्यात आहे आज आलेलं नळाचं पाणी. आहे गोडं. पण त्यात आहे पाणी साफ करायचं औषध. वास नाकाला झोंबतो. माणसांना चालतो, मुळांना नाही चालत. ऊन आत आलं की वास उडेल. मग देईन पाणी."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्रर्र! गेली उन्हाकडे.

"उन्हा, उन्हा, आत शिर ना!
बादली पाणी देईना,
नळी पाणी आणेना,
पुदिना पान देईना,
ठिपकीनं झोपावं कुठं?"

ऊन म्हणालं, "नाही गं ठिपके, नाही नाही. कसं शिरू? बादलीवर झाकण आहे. झाकण उघडलं, तर शिरेन आत."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्रर्र! गेली झाकणाकडे.

"झाकणकाका, झाकणकाका, उघडा ना!
ऊन आत शिरेना,
बादली पाणी देईना,
नळी पाणी आणेना,
पुदिना पान देईना,
ठिपकीनं झोपावं कुठं?"

झाकण म्हणालं, "नाही गं ठिपके, नाही नाही. कसं उघडू? माझ्या डोक्यावर वीट बसलीय. केवढी जड! वीट हलली, तर उघडेन."

ठिपकी चढली विटेवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वीटबाई, वीटबाई, हला ना!
झाकण काही उघडेना,
ऊन आत शिरेना,
बादली पाणी देईना,
नळी पाणी आणेना,
पुदिना पान देईना,
ठिपकीनं झोपावं कुठं?"

वीट म्हणाली, "नाही गं ठिपके, नाही नाही. मला का पाय आहेत? कावळा येऊन झाकण पाडतो, म्हणून आत्यानं मला इथं बसवलं. आत्यानं उचललं, तर हलेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्रर्र! गेली द्वारकाआत्याकडे.

आत्या बसली होती खुर्चीत. हात मांडीवर. तोंड एवढुसं.

"आत्या, आत्या, वीट उचल ना!
वीट जागची हलेना,
झाकण काही उघडेना,
ऊन आत शिरेना,
बादली पाणी देईना,
नळी पाणी आणेना,
पुदिना पान देईना,
ठिपकीनं झोपावं कुठं?"

आत्या म्हणाली, "नाही गं ठिपके, नाही नाही. गावाकडे माझं केवढं परसू होतं! भेंडी, वाल, कोथिंबीर. इथं एक पुदिना लावला, तोही पिवळा पडला. आता मला काही जमायचं नाही. पुदिना हिरवा झाला, तर उठेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्रर्र! गेली पुदिन्याकडे.

"पुदिनादादा, पुदिनादादा, हिरवा हो ना!"

पुदिना म्हणाला, "नाही गं ठिपके, नाही नाही. नळीनं गोडं पाणी आणलं, तर होईन."

अरेच्चा! पुन्हा नळी? मग पुन्हा बादली? मग पुन्हा ऊन?

ठिपकी थांबली. पाय दुखले. पंख दुखले. सहा पाय आणि सगळेच दुखले! ठिपकी बसली आणि तिनं विचार केला. खूप विचार केला.

मग उडाली. भिर्रर्र! थेट आत्याच्या बोटावर. चढली नखावर. चढली तळहातावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

गुदूगुदू! गुदूगुदू!

"अगं अगं अगं!" आत्या हसली. हसली ती हसतच सुटली.

ठिपकी म्हणाली, "आत्या, ऐक ना. पुदिना थांबलाय नळीसाठी. नळी थांबलीय बादलीसाठी. बादली थांबलीय उन्हासाठी. ऊन थांबलंय झाकणासाठी. झाकण थांबलंय विटेसाठी. वीट थांबलीय तुझ्यासाठी. आणि तू थांबलीस पुदिन्यासाठी! मग उठायचं कुणी गं?"

आत्यानं डोळे मोठ्ठे केले.

"अगं बाई! मीच की!"

आणि आत्या उठली.

आत्यानं वीट उचलली. हेऽऽ हुप्प!
वीट हलली. धप्प!
झाकण उघडलं. खट्ट!
ऊन आत शिरलं. सळ्ळकन!

कावळा आला. "काव काव! मी येऊ?" आत्यानं बादलीवर बांधलं पातळ फडकं. ऊन आत जाईल. वारा आत जाईल. कावळा? कावळा नाही जाणार!

बादली दिवसभर उन्हात बसली. औषधाचा वास उडाला. फुस्स! आत्यानं नाक लावून पाहिलं. "सुंऽऽ! गेला गं वास!"

आत्यानं पाणी गाळलं. झुळुझुळु. लिंबू पिळलं, थोडंसंच. मुळांना जरासं आंबट आवडतं ना! टिप टिप. रोपांचा खाऊ घातला. चमच्यानं ढवळलं. गर गर गर!

नळीतलं खारट पाणी काढलं. त्यानं गॅलरी धुतली. खस खस खस!

मग बादलीनं पाणी दिलं. भळाभळा!
नळीनं पाणी आणलं. खळखळ, खळखळ!
मुळं पाण्यात डुंबली. डुबुक डुबुक!

पुदिना म्हणाला, "आहाहा! गोडं पाणी! थांब हं ठिपके. पान यायला थोडा वेळ लागतो."

"मग तोवर मी झोपू कुठं?"

आत्यानं आणलं शेंगेचं टरफल. त्यात ठेवला कापूस. झाला ठिपकीचा पलंग!

एक दिवस गेला. आणखी एक गेला. मग आणखी काही गेले. आणि एके सकाळी... टुप्प! आलं इवलंसं पान. हिरवं हिरवं. मऊ मऊ. ते वाढलं, वाढलं, मोठ्ठं झालं.

पुदिना म्हणाला, "घे ठिपके, तुझं पान."

ठिपकी नाचली. गर्रकन फिरली. पण लगेच झोपली का? नाही!

"पुदिनादादा, किती छान पान दिलंस! तुझ्यामुळे मला घर मिळालं."

पुदिना म्हणाला, "मी एकट्यानं नाही गं. पाणी आणलं नळीनं."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, भिर्रर्र!

"नळीताई, तू पाणी आणलंस. तुझ्यामुळे मला घर मिळालं."
"बादलीमावशी, तू पाणी दिलंस. तुझ्यामुळे मला घर मिळालं."
"उन्हा, तू आत शिरलंस. तुझ्यामुळे मला घर मिळालं."
"झाकणकाका, तुम्ही उघडलात. तुमच्यामुळे मला घर मिळालं."
"वीटबाई, तुम्ही हललात. तुमच्यामुळे मला घर मिळालं."

वीट लाजली. तिला आजवर कुणी असं म्हणालंच नव्हतं!

मग ठिपकी बसली आत्याच्या बोटावर.

"आत्या, तू उठलीस. तुझ्यामुळे मला घर मिळालं."

आत्यानं बोट गालाजवळ नेलं. हळूच म्हणाली, "आणि तू आलीस, ठिपके. तुझ्यामुळे मी उठले."

मग आत्या गेली पुदिन्याकडे. "पुदिन्या, पुदिन्या, दोन पानं घेऊ का? चहात टाकते. ठिपकीचं पान नाही घेणार हं."

पुदिना म्हणाला, "घे की आत्या! दोन काय, चार घे!"

चहा उकळला. खदखद खदखद. गॅलरीभर वास सुटला. आत्यानं घोट घेतला. सुर्रर्र!

आणि ठिपकी? ठिपकी शिरली पानाखाली. पाय घेतले पोटाशी. पंख मिटले. वारा आला, पान हललं. झुलू झुलू, झुलू झुलू.

ठिपकी झोपली.
श्शू! हळू बोला.