पणजोबा घोड्यावर चढेनात

निंबसरच्या आबासरकारांनी ती अट घातली तेव्हा चैत्र होता की वैशाख, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. उकाडा होता, एवढं नक्की. आणि संगणकाचा पंखा असा घुरघुरत होता की अंगणातलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. कुत्र्याबद्दल थोडी शंका आहे, घुरघुरीबद्दल नाही.

सरकार घराण्याचा इतिहास सांगत होते आणि लोहाराची हौसा तो टाइप करत होती. तिला नोकरीला लागून जेमतेम महिना झालेला. संगणक मात्र बारा वर्षांचा! पणजोबा लढाईला निघाले, रिकिबीत पाय ठेवला, आणि पडदा काळा! सकाळपासून चौथ्यांदा.

"पुन्हा पणजोबा खालीच!" सरकार कडाडले. "दिवस मावळायच्या आत ते घोड्यावर बसले नाहीत, तर उद्यापासून तू येऊ नकोस!"

नोकरी गेली की हौसाला घरी भाता ओढणं ठरलेलं. "सरकार, पंख्याचं काहीतरी बिनसलंय. पेटी उघडून बघते."

"खबरदार! मागच्या मेकॅनिकनं चांगला पंखा काढून जुनाट बसवला होता. म्हणून नव्या पंख्यावर मी स्वतः सही केली आणि पेटीवर लाखेची मोहोर ठोकली. मोहोर तोडायची नाही! नवं काही विकत आणायचं नाही! आणि मुहूर्त बघून पूर्वेकडे तोंड करून ठेवलंय यंत्र, ते तसूभरही हलवायचं नाही!"

"अजून काही, सरकार?"

"एवढंच!"

"मागाहून अट वाढवायची नाही हं!"

"आबासरकारांचा शब्द आहे!"

पेटी होती सागवानी कपाटात, आणि दृष्ट लागू नये म्हणून पुढे जाड मखमली पडदा. हौसानं देवघरातून पेटती उदबत्ती आणली, पडद्याआड हात घालून पेटीच्या मागे धरली. धूर मागच्या फळीवर आपटला, वळसा घालून पुढे आला आणि पुन्हा पेटीत शिरला.

"सरकार, हे आपलीच गरम वाफ परत परत पितंय. गुदमरलंय बिचारं!"

"यंत्र गुदमरतं होय? खुळी का काय तू!"

हौसानं मखमली पडदा काढला. "मग हा जरा डोक्यावरून घेऊन बसा, सरकार. यंत्र पंधरा मिनिटं टिकतं. तेवढंच!"

"हॅत्! तासभर बसतो!"

पहिल्या मिनिटाला मिश्या ओल्या झाल्या. दुसऱ्या मिनिटाला आतून "हुश्श" ऐकू आलं. तिसऱ्याला पडदा कोपऱ्यात भिरकावून सरकार ओरडले, "मेलो! पाणी आणा!"

"तीन मिनिटं, सरकार! यंत्र तुमच्यापेक्षा पाचपट सोशिक!"

सरकार तणतणत आत पाणी प्यायला गेले. तेवढ्यात हौसानं कपाटाच्या मागच्या फळीचे स्क्रू काढून फळी भिंतीला टेकवली. मग धावत घरून हातभाता आणला. यंत्राची वायर काढली, मागच्या जाळीतून झाडूची काडी घालून पंख्याचं पातं अडवलं आणि भाता दाबला. पुढच्या फटींतून मांजराच्या पिल्लाएवढा धुळीचा गोळा बाहेर पडला!

"काडी कशाला घातलीस?" दारात उभ्या सरकारांनी विचारलं.

"भात्याच्या वाऱ्यानं पंखा भलताच गरगरला असता, सरकार. बिघडला असता. आमच्या भात्याचा जोर मला ठाऊक आहे."

काडी काढून तिनं यंत्र सुरू केलं. घुरघूर गेली. पणजोबा घोड्यावर बसले, नदी उतरले, संध्याकाळपर्यंत गड घेऊन मोकळे झाले!

सरकारांनी मोहोर तपासली. शाबूत! मग फळीकडे बोट दाखवून डोळे वटारले. "आणि हे? माझं कपाट कुणाला विचारून मोडलंस?"

"यंत्र हलवू नको म्हणालात, सरकार. कपाटाचं नाव घेतलं नव्हतं. आता अट वाढवायची म्हटली, तर आबासरकारांचा शब्द मोडायचा. मोडताय का?"

सरकार असे हसले की लेखणी गडगडत खाली पडली. "नोकरी कायम! पगार दीडपट! आणि तो पडदा घेऊन जा, माझ्या डोळ्यांपुढे नको!"

पुढे बऱ्याच वर्षांनी ते यंत्र मोडीत निघालं, तेव्हा लाखेची मोहोर पहिल्यांदाच फुटली. आत पंखा तोच होता. सहीची शाई विटली होती, पण 'सरकार' एवढं स्पष्ट वाचता येत होतं.