कढणातला खडा

पूर्वी सुमंगला नगरीत मेघकेतू राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व राजवाड्याच्या पाकशाळेत मुख्य आचारी होते. त्यांच्या हातच्या केशरभाताची कीर्ती शेजारच्या देशांतही पोहोचली होती. पाहुणे राजाला भेटायला आलो असे सांगत, पण नजर ताटाकडे असे.

एका वर्षी डोंगरापलीकडच्या वेत्रवन देशात महापूर आला. नदीने घरे नेली, गुरे नेली, विहिरी गाळाने भरून टाकल्या. त्या देशाचा राजा तर प्रजेच्याही आधी उंचावर पळाला आणि परतलाच नाही. मेघकेतूला हे ऐकून दया आली. दया खरी होती, हे सांगायला हवे. मात्र तिच्या मागोमाग स्तुतीची हौसही चालत होती. “पुढच्या सुगीपर्यंत दर पंधरवड्याला धान्याच्या गाड्या जातील,” राजाने जाहीर केले. बोधिसत्त्वांना त्याने गाड्यांबरोबर पाठवले आणि दीर्घकर्ण नावाच्या मंत्र्याला हळूच सांगितले, “तिथले लोक माझ्याविषयी काय बोलतात, ते अधूनमधून ऐकून येत जा.”

नदीकाठी चुली पेटल्या. पूरग्रस्त लोक ओळीने बसत, केशरभात खात, हात जोडत आणि पुन्हा झाडाखाली जाऊन नदीकडे बघत बसत. मुलेसुद्धा भांडत नव्हती. दीर्घकर्ण येऊन पाहून गेला आणि खूश झाला. “किती गुणी लोक आहेत! तक्रारीचा एक शब्द नाही,” असे त्याने राजाला कळवले. राजाही खूश झाला.

बोधिसत्त्वांना मात्र घास गोड लागेना. त्यांचे आयुष्य पंगती वाढण्यात गेले होते. कोणाला भात मऊ वाटतो, कोणाला फडफडीत. कोणी मीठ मागतो, कोणी नाक मुरडतो. राजाच्या लग्नातही तीन चुलते रुसले होते. शेकडो माणसे जेवतात आणि कोणीच काही म्हणत नाही, हे त्यांना भले लक्षण वाटेना. ही माणसे जगली आहेत, पण जागी झालेली नाहीत, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांना फार वाईट वाटले.

गोमा नावाची एक म्हातारी रोज पंगतीच्या टोकाला बसे. तिच्यापाशी जाऊन त्यांनी विचारले, “माय, तुमच्या घरी काय शिजायचं?”

“कुळथाचं कढण,” ती नदीकडे बघतच म्हणाली.

“कसं करतात ते?”

गोमा बोलली नाही. बोधिसत्त्वांनी आणखी चौघांना विचारले. तेही बोलले नाहीत.

बोधिसत्त्वांनी कढण जन्मात केले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी केशर बांधून ठेवले आणि कुळथाचे पोते उघडले. हाताखालचे आचारी घाबरले. “स्वामी, हे बिघडणार. आपलं नाव जाईल!”

“मलाही तसंच वाटतंय,” बोधिसत्त्व म्हणाले, “जाऊ दे नाव.”

कढण बिघडले, आणि साधेसुधे नाही, चांगलेच बिघडले.

गोमाने एक घोट घेतला. दाताखाली कचकन खडा आला. तिने तो काढून तळहातावर ठेवला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिले आणि मग मान वर केली.

“हे केलं कोणी?”

“मी, माय.”

“कुळीथ निवडले होतेस?”

“वरवर.”

“भाजलेस?”

“भाजायचे असतात?”

गोमा उठून उभी राहिली. “अगं बायांनो, ऐकलंत का? भाजायचे असतात का म्हणे! आणि हा म्हणे राजाचा आचारी! मेल्या, गुरांचं आंबोणसुद्धा याहून बरं लागतं!”

पलीकडून कोणीतरी फिसकन हसले. मग आणखी एक हसली, आणि पुरानंतर पहिल्यांदाच त्या काठावर हसणे ऐकू आले. गोमाने पदर खोचला आणि बोधिसत्त्वांच्या हातातला डाव ओढून घेतला. “सर बाजूला. चार जणी इकडे या, कुळीथ निवडायला बसा!” बोधिसत्त्व निमूटपणे बाजूला सरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या दिवसापासून तक्रारींना ऊत आला. तांब्याच्या हंड्यात आंबट कळकते, असे बायका म्हणू लागल्या. तेव्हा कुंभाराने गाळातली माती आणून चाक मांडले. गढूळ पाण्याने चव जाते म्हणून तरुण कंबर कसून विहिरी उपसायला उतरले. सरपण ओले, सुके लाकूड पलीकडच्या तीरावर. मग नावाड्यांनी फुटकी होडी दुरुस्त केली. होडी चालू झाली तशी पलीकडची सुईणही येऊ लागली, कारण पूर आला म्हणून बाळंतपणे थांबत नाहीत. सगळे एकमेकांवर ओरडत होते आणि सगळे कामात होते.

अशा वेळी दीर्घकर्ण आला. त्याला पहिल्याच झाडाखाली ऐकू आले, “या वेळचे तांदूळ जुनाट आहेत.” दुसऱ्या झाडाखाली राजाच्या केशरभाताची थट्टा चालली होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आचारी, ही काय कृतघ्नता! उद्यापासून पूर्वीसारखा भात वाढा आणि यांची तोंडं बंद करा. नाहीतर मी जे ऐकलं ते राजाला सांगेन. महाराजांनी हात आखडता घेतला, तर सुगीपर्यंत हे लोक खाणार काय?”

बोधिसत्त्वांनी काठापलीकडच्या शेतांकडे पाहिले. ती लोकांनी नुकती कुदळीने खणायला घेतली होती. गाड्या थांबल्या तर पिकाआधीच उपासमार होती. परंतु ज्या माणसांना आता कुठे कंठ फुटला, त्यांना पुन्हा गप्प बसवणे त्यांच्याने होईना.

“मंत्रिवर, ऐकलंत ते सगळं खरं सांगा,” ते म्हणाले. “कढण मी बिघडवलं, हेही सांगा. माझी जागा महाराजांनी खुशाल काढून घ्यावी. पण गाड्या थांबवण्याआधी एकदा इथे जेवायला यावं, एवढं मागणं त्यांच्या कानावर घाला.”

मेघकेतू आला तो फणफणतच आला. काठावर कोणी आरती घेऊन उभे नव्हते. गोमा चुलीपुढे होती.

“महाराज का तुम्ही? बसा. वाटेत काही खाल्लंत का?” असे म्हणत तिने नव्या मडक्यातले कढण त्याच्यापुढे ठेवले.

राजा बसला नाही. “माझ्या अन्नाला नावं ठेवणारी तूच ना?”

चुलीभोवतीच्या बायकांचे हात थांबले. गोमाचा थांबला नाही.

“मीच. महाराज, तुमच्या गाड्या आल्या नसत्या, तर माझी नातवंडं आज नसती. हे मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण कढणात खडा आला, तर खडा आला असंच म्हणणार. उपकार झाले म्हणून जीभ कापून द्यायची का?”

राजाने बोधिसत्त्वांकडे रागाने पाहिले. ते हात जोडून म्हणाले, “महाराज, आजारी माणूस पडेल ते गिळतो. ‘आळणी आहे’ असं ज्या दिवशी म्हणतो, त्या दिवशी घरच्यांच्या जिवात जीव येतो. आपलं औषध लागू पडलंय.”

राजाने सभोवार पाहिले. चाक फिरत होते, होडी पाण्यात होती, विहिरीवर बायकांचे भांडण रंगात आले होते. तो खाली बसला आणि त्याने कढण तोंडाला लावले. थोड्या वेळाने भांडे पुढे करून म्हणाला, “आणखी आहे?”

“आहे की!” गोमा म्हणाली. “आणि तो केशराचा भात आता पुरे. त्याऐवजी बियाणं पाठवा, मीठ पाठवा, औताला बैल पाठवा.”

राजाला हसू आवरेना. गाड्या सुगीपर्यंत चालू राहिल्या; त्यांतून बियाणे आले, मीठ आले, मागून बैल आले. सुगी झाल्यावर शेवटची गाडी परत निघाली, तेव्हा गोमाने ती रिकामी जाऊ दिली नाही. कुळथाने भरून दिली, स्वतः निवडून.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, प्रवचनात सांगितली, तेव्हा समोर भद्रिक नावाचा श्रेष्ठी फुरंगटून बसला होता. आगीत जळालेल्या एका गावाला त्याने घोंगड्या दिल्या होत्या, आणि तिथल्या एका बाईने त्या टोचतात असे तोंडावर सांगितले होते. पुढच्या घोंगड्या त्याने घरीच अडवून ठेवल्या होत्या.

शास्ते म्हणाले, “तेव्हाचा मेघकेतू राजा म्हणजे तूच, भद्रिका. गोमा म्हणजे घोंगड्या टोचतात म्हणणारी ती बाई. आणि कढण बिघडवणारा आचारी मी होतो.”

भद्रिक खो खो हसत सुटला. “म्हणजे गेल्या जन्मीसुद्धा हीच का! भन्ते, उद्याच उरलेल्या घोंगड्या घेऊन जातो. आणि कुठे टोचतात, तेही विचारून येतो.”

दिल्यावर ऐकून घेण्याची जी ताकद लागते, तिचे नाव क्षांती.