कळकलेलं पन्हं

एका गावाच्या पार टोकाला, शेवटच्या घरात, एक म्हातारी एकटीच राहायची. नवरा केव्हाच गेलेला, लेक लांब सासरी. दिवसभरात हाक मारणारं कोणी नाही. भाजीवालीसुद्धा तिच्या अलीकडच्या घरावरूनच माघारी वळायची.

घरात एक मोठं पितळी पातेलं होतं, दहा माणसांच्या स्वयंपाकाचं. एकटीला ते कशाला लागतंय? पण म्हातारी ते रोज चिंच आणि राख लावून घासायची, आतून-बाहेरून. वेळ जायला नको का? पातेलं असं लखलखायचं, की त्यात बघून कुंकू लावून घ्यावं.

चैत्रातल्या एका दुपारी चेंडू शोधत चार मुलं तिच्या अंगणात शिरली.

"आजी, हे सोन्याचं आहे का हो?" एकाने पातेल्याकडे बोट दाखवलं.

"सोन्याचं असतं तर मी ते असं अंगणात घासत बसले असते होय?" म्हातारी म्हणाली. कितीतरी दिवसांनी कोणाशी तरी बोलली होती. तिला राहवेना. "उद्या या रे सगळे. पन्हं करून ठेवते."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

सकाळी तिने कैऱ्या उकडल्या. घरात होता नव्हता तेवढा गूळ घातला. कोपऱ्यात मातीचं मडकं होतं, पण काळंकुट्ट. 'पहिल्यांदाच येताहेत लेकरं, त्यांना काय असल्यातून देऊ?' असं म्हणून तिने पन्हं त्या चकचकीत पातेल्यात ओतलं आणि वाटेकडे डोळे लावून बसली.

दुपारी मुलं आली. चाराची सात झाली होती. वाढण्याआधी म्हातारीने थेंबभर चाखून बघितलं आणि तिचा हात थांबला. चव कडवट, कडेला हिरवट झाक. पन्हं कळकलं होतं.

तिने आत निरखून पाहिलं. कल्हईचा पांढरा थर कुठेच नव्हता, नुसतं पिवळं पितळ. रोज घासघासून तिनेच तो घालवला होता.

"आजी, लवकर! घसा सुकला!"

मूठभर वेलची घातली तर मुलांना कळणारही नाही, असं तिच्या मनात आलं. आणि आज तशीच पाठवली, तर पुन्हा ही कशाला येतील?

पण तिने पातेलं उचललं आणि सगळं पन्हं मातीत ओतून दिलं.

"बिघडलं रे बाळांनो. पोटात गेलं तर उलट्या होतील."

"द्यायचं नव्हतं तर बोलावलं कशाला?" एक पोरगा ओरडला. "चिक्कू म्हातारी!"

मुलं पळाली. अंगण पुन्हा ओकंबोकं.

एक मुलगी मात्र तिथेच उभी होती. "सकाळी केलेलं दुपारी कसं बिघडेल हो आजी?"

म्हातारीने तिला जवळ घेतलं. "हे बघ, आत पिवळं दिसतंय ना? पितळेत आंबट ठेवायचं तर आतून कल्हई हवी. नाहीतर पितळ त्या आंबटात उतरतं. लोखंडाच्या तव्यावर भाकरी झकास होते, पण लोखंडी कढईत चिंचेचं सार ठेवलंस की काळं पडलंच. काचेला, चिनी मातीला आंबट काही करत नाही, म्हणून लोणचं बरणीत. आणि हे काळं मडकं बघ, अंगाला घाम येतो त्याच्या, म्हणून पाणी गार राहतं." तिने मुलीला मडक्यातलं पाणी दिलं. मुलगी ते गटागटा प्यायली आणि घरी गेली.

घरी आई पितळी तपेलीत चिंचेचं सार ओतायला निघाली होती. मुलीने आधी तपेलीत डोकावलं. "आई, थांब! कल्हई गेलीये!"

"अगंबाई, खरंच की! तुला कोणी सांगितलं गं?"

"शेवटच्या घरातल्या आजींनी. त्यांनी सगळं पन्हं ओतून टाकलं, पण आम्हाला प्यायला दिलं नाही."

गोष्ट घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या अंगणात मुलांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात घरचं एकेक भांडं. "आजी, ह्यात ताक चालेल?" "ह्यात लोणचं?" एकाने तर आजोबांची तपकिरीची डबी आणली होती.

"ह्यात तपकीरच बरी, गाढवा! जा, शोधत असतील ते!" म्हातारी खो खो हसली. तिला चिक्कू म्हणणारा पोरगा बरणी घेऊन मान खाली घालून उभा होता. तिने त्याचीही बरणी उलटसुलट करून पाहिली.

दिवेलागणीला सगळे गेले. अंगणात पुन्हा शांतता. पायरीवर एक तपेली तेवढी राहिली होती.

"अगं पोरी, तुझी तपेली!" म्हातारीने हाक मारली.

लांबून उत्तर आलं, "राहू दे आजी! उद्या येते न्यायला!"

तात्पर्य काय, तर भांड्याची चकाकी बघून भुलू नये, त्याचा गुण ओळखून त्यात जिन्नस ठेवावा. आणि माणसं हवीत म्हणून त्यांच्यापुढे वाईट वाढू नये. खरं बोलल्यावर रुसून गेलेला माणूस परत येतो.