गेनूची संध्याकाळची पाळी

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. मेहुण्याने खटपट करून त्याला शहरातल्या नव्या कलेच्या संग्रहालयात राखणदार म्हणून चिकटवलं. नोकरी टिकली तर पोरगी देऊ, असं सोयरे म्हणाले होते.

तिथल्या प्रमुख देवयानीबाई. त्या म्हणाल्या, "गेनू, संध्याकाळी इकडे कोणी फिरकत नाही. असंच ओस राहिलं तर अध्यक्ष संध्याकाळ बंद करतील. मग तुलाही नारळ. काही बिघडलेलं दिसता कामा नये!"

"बरं बाई."

दालनात एक सायकल उलटी टांगली होती. गेनूने ती उतरवली, चेनला तेल दिलं, हवा भरली आणि स्टँडवर लावली.

बाई किंचाळल्या, "अरे, ती कला होती! कळलं नाही तर हात जोडून गप्प उभं राहावं."

"बरं बाई."

दुसऱ्या संध्याकाळी मोरीचा नळ फुटला. पाणी दालनात आलं. गेनूला काही कळेना. तो हात जोडून उभा राहिला. दोन पाहुणे आले, तेही उभे राहिले.

एक म्हणाला, "किती प्रवाही आहे!"

दुसऱ्याचे मोजे भिजले. तो म्हणाला, "आतपर्यंत पोचतं."

बाई धावत आल्या. "अरे ठोंब्या, ओघळ दिसला की पुसावा!"

तिसऱ्या संध्याकाळी एका मोठ्या चित्रावर निळे ओघळ दिसले. गेनूने रॉकेलच्या फडक्याने चित्र लख्ख पांढरं केलं.

बाईंनी फडकं हिसकावून घेतलं. "रंग काढतात का रे? रंग लावतात!"

चौथ्या संध्याकाळी गेनूला कोपऱ्यात एक काळा कोरा दगड दिसला. त्याने तेलात शेंदूर कालवला आणि दगडाला लावला. रस्त्यावरच्या भाजीवाल्या आजीने दारातून पाहिलं. ती हार घेऊन आली. तासाभरात रांग फाटकाबाहेर गेली.

तेवढ्यात अध्यक्ष आले. शेंदरी दगड आणि गर्दी पाहून हरखले. "शाबास! आता दालनातलं काहीही सोडू नकोस."

"बरं साहेब."

मग अध्यक्ष एका चित्रासमोर खुर्चीत डोळे मिटून बसले. नवी कला अशीच पाहतात, असं त्यांनी ऐकलं होतं. बसल्या बसल्या डोळा लागला.

गेनूने काहीही सोडलं नाही.

बाई बाहेरचं काम आटोपून परतल्या तेव्हा अध्यक्ष कपाळापासून टकलापर्यंत शेंदरी झाले होते. गळ्यात झेंडूचा हार, मांडीवर पेढे, आणि बायका प्रदक्षिणा घालत होत्या.

बाई कानाशी कुजबुजल्या, "साहेब, उठा ना! या गेनूला आत्ता हाकलते."

अध्यक्षांनी एकच डोळा किलकिला केला.

"हळू बोला. त्याला कायम करा. आणि रांग कुठवर गेलीय, तेवढं बघून या."