आखून ठेवलेली जागा

सुटे भाग बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका टेबलावर संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड घडत होतं. त्याचा नकाशा सर्वांना खुला होता. ज्याला हवं त्यानं घरी बनवावं.

"मला घ्याच!" जादा मेमरी म्हणाली.

"आणि मला नको?" टीव्ही जोडणारी चिप फणकारली.

भागांना डाग देऊन जोडणारी सोल्डरगन तापली. "सगळ्यांनाच घेतलं तर हे कार्ड परवडेल कुणाला? मग खुल्या नकाशाची काय पूजा करायची?"

"म्हणजे आम्ही भंगारात?" मेमरीनं विचारलं.

"छे गं," सगळे भाग ज्यावर बसायचे तो कोरा बोर्ड म्हणाला. "तुमच्या जागा आखून ठेवतो. ऐपत येईल तेव्हा लोक बसवतील तुम्हाला."

कार्ड स्वस्त झालं, घरोघर बनलं. एके दिवशी, ऐपत आलेल्या एका घरी सोल्डरगन पुन्हा तापली. बोर्ड म्हणाला, "ये मेमरीबाई, तुझी जागा कुणालाच दिली नाही."