एलोजीच्या चिऱ्याची जागा

आधी डोक्यावर काहीतरी घाला. टोपी नसेल तर रुमाल बांधा. उघड्या डोक्यानं इथं कुणी येत नाही, आणि रागावलो असं म्हणू नका, मी सगळ्यांनाच रागावतो. ही आमची प्रार्थनेची जागा. आम्ही सिनेगॉग म्हणतो, गावातली जुनी माणसं यहुद्यांची मशीद म्हणतात. दोन्ही चालतं.

आता पश्चिमेची भिंत बघा. ते लाकडी कपाट आहे ना, त्याला हेखाल म्हणतात, त्यात आमची तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, असते. तिकडे तोंड करून आम्ही उभे राहतो, कारण यरुशलेम तिकडे. हेखालाच्या डाव्या अंगाला, छातीच्या उंचीवर, भिंतीतला एक चिरा नाही. निखळून पडलेला नाही, चोरानं काढलेला नाही. तिथं तो कधी बसलाच नाही. मागं एक शिकलेले गृहस्थ आले होते. म्हणाले, यरुशलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखात भिंतीचा तुकडा गिलाव्यावाचून ठेवायची चाल आहे, ही तीच. असेल चाल. पण ती गिलाव्याची. इथं भोक आरपार आहे. डोळा लावून बघा, खाडीचं तोंड दिसतं. गलबतं जिथून आत येत, बरोबर तेवढंच दिसतं.

त्याचं असं सांगतात.

आमची माणसं इथं, या खारवडी गावात, तेल गाळायची. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणत. तेव्हा ही इमारत नव्हती. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा आमचा विश्रांतीचा नि प्रार्थनेचा दिवस, कुणाच्या तरी ओटीवर व्हायचा. आज या घरी बाळंतीण, उद्या त्या घरी भांडण, मग शुक्रवार आला की जागा शोधत फिरायचं. शेवटी समाजाच्या पुढाऱ्यानं, बापूजी मुकादमानं, सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, आपण आपली जागा बांधू. मजूर लावायचे नाहीत. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं.

आणि केलंही म्हणे लोकांनी. बायकांनी शिंपल्या भाजून चुना कुटला. पोरांनी पाणी वाहिलं. कोळ्यांनी होड्या भरून वाळू आणून टाकली आणि वर ऐकवलं की तुमचा देव तेलाचा, आमचा मासळीचा, दोघांना वाळू लागतेच.

पण मुकादम आपल्या माणसांना ओळखून होता. निम्मे लोक काम दुसऱ्यावर ढकलतील आणि पुढं येऊन मिशा पिळतील, हे त्याला ठाऊक. म्हणून त्यानं एक नेम घातला. पश्चिमेच्या भिंतीचा छातीच्या उंचीचा थर हा सगळ्यांचा. घरटी जेवढे बाप्ये, तेवढे त्या थरात चिरे. ज्याचा चिरा त्यानंच खाणीतून काढायचा, त्यानंच ताशायचा, त्यानंच बसवायचा. त्या जागेला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा केला, आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं, नाव घेतलं, आणि सगळ्यांनी मलिद्यावर हात ठेवून शपथ घेतली. एखादा माणूस मध्येच गाव सोडून गेला तर काय, हे कुणाच्या मनात आलं नाही. शपथ घेताना माणसाला आपण सगळे इथंच राहणार असं वाटतं.

शेगुलाबाई नावाची विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा एलोजी. सगळ्यांच्या आधी यानं चिरा काढला, ताशला आणि आईच्या अंगणात आणून ठेवला. पण भिंत अजून गुडघ्याएवढीच होती, आणि तेलाचे बुधले घेऊन मचवा निघायला तयार होता. जाताना तो मुकादमाला म्हणाला, "माझी जागा राखा. तुमचा चिरा वाकडा बसणार हे मला आत्ताच दिसतंय. तो बघून घेतो नि मग माझा सरळ बसवतो."

मुकादम म्हणाला, "आधी तेल वीक, मग अक्कल वीक."

असा हसत गेला. तो मचवा परत आला नाही.

बाकीचे मचवे आले. एक म्हणाला, वादळात फुटला. दुसरा म्हणाला, फुटला नाही, दक्षिणेकडे जाताना आम्ही पाहिला. तिसऱ्यानं सांगितलं, एका अरबी गलबतानं माणसं उचलली आणि मस्कतला नेली. प्रेत कुणाला सापडलं नाही, फळकूट सापडलं नाही. वाट बघायला तेवढं पुरतं.

थर पूर्ण झाला, एलोजीची जागा सोडून. तिच्यावर सागाची फळी टाकली आणि भिंत वर नेली. कौलं चढली. पहिल्या शब्बाथला सगळे धुतलेले कपडे घालून आले, हेखालापुढचा दिवा लावला, प्रार्थना सुरू झाली आणि त्या भोकातून खाडीचा वारा असा आला की दिवा गेला. शब्बाथ लागल्यावर आम्ही विस्तव पेटवत नाही. पहिलीच रात्र आणि देवासमोर अंधार. लोकांनी एकमेकांच्या पायावर पाय देत प्रार्थना संपवली.

पुढच्या शुक्रवारी शेगुलाबाई बायकांच्या बाजूनं उठली, भोकासमोर जाऊन उभी राहिली आणि पदर पसरला. वारा तिच्या पाठीवर. दिवा राहिला. एकजण कुरकुरला की बाईमाणूस हेखालाजवळ कसं. ती म्हणाली, "मग त्या चिऱ्याएवढा पुरुष आणून उभा करा."

त्यानंतर पुरुषही उभे राहू लागले. आज या घरचा, पुढच्या शुक्रवारी त्या घरचा. आडोशाची पाळी म्हणायचे तिला. भोकावर फळी का ठोकली नाही, असं तुम्ही विचारणारच, सगळे विचारतात. फळी ठोकणारा हात एलोजीचा नव्हता म्हणून.

आता या गोष्टीत एक मुलगी आहे, आणि खरी गोष्ट तिचीच.

मिलका तिचं नाव. खाडीपलीकडच्या दानियल तेल्याची मुलगी. एलोजी जाण्याआधी त्याच्या नावानं तिची साखर वाटली होती. त्या काळी साखर वाटली की मुलगी त्या घरची, लग्न लागायचं तेवढं राहिलेलं. नवरा येऊन सोडेल किंवा मेला असं समाज म्हणेल, तरच ती मोकळी. शास्त्रात काय आहे ते मला विचारू नका. तेव्हा इथं शास्त्र जाणणारं कोणी नव्हतं, रीत होती.

शेगुलाबाई एकटी पडली म्हणून मिलका तिच्याकडे येऊन राहिली. घाण्याचा बैल हाकायची, पाणी भरायची, पेंड फोडायची. संध्याकाळी त्या भोकाशी येऊन उभी राहायची.

वर्षं गेली. दानियल दरवर्षी होडीतून यायचा आणि मुकादमाच्या ओटीवर बसायचा. "मुकादम, माझ्या पोरीचा काय गुन्हा? जिवंत म्हणा नाहीतर मेला म्हणा. काहीतरी एक म्हणा."

मुकादम शेगुलाबाईकडे जायचा. "शेगुलावहिनी, तू आई आहेस. तू तुझ्या हातानं चिरा बसव. एलोजी नाही असं आम्ही धरू. भिंत पुरी होईल, मुलगी सुटेल."

ती म्हणायची, "ज्याचा चिरा त्यानं. नेम तुमचा आहे, मुकादम."

तो परत फिरायचा. आपलाच नेम आपल्या गळ्यात पडला की माणूस फार बोलत नाही.

मग एक दिवस म्हणे दारावर हिरू कोळीण आली, टोपली उतरवली. मिलका आत घाण्यावर होती. हिरू तिच्याकडे बघत शेगुलाबाईला म्हणाली, "बाय, किती वर्सं झाली गो?"

"कशाला?"

"हिला टांगून ठेवलीस त्याला. आम्ही सुकट पन इतकी वालवत नाय."

शेगुलाबाई तिला वाटेल ते बोलली. मासळीही घेतली नाही. पण हिरू गेल्यावर आत गेली, आणि मिलका बैलामागून फिरताना तिच्या कपाळाशी पांढरा केस दिसला. मिलका फिरून समोर आली तसा पुन्हा दिसला. बैल फिरत राहिला आणि म्हातारी दारात उभी राहून बघत राहिली.

गुरुवारी सकाळी आमच्यात तोरा वाचतात, सगळे बाप्ये जमतात. त्या गुरुवारी शेगुलाबाईनं अंगणातला चिरा बैलाच्या पाठीवर घातला आणि इथं आणला. तो ठेवल्या जागी ऊनपाऊस खाऊन आणखी कडक नि काळा पडला होता. मिलका मागून येत होती, तिला काही सांगितलेलं नव्हतं. दानियलही त्या दिवशी आला होता. लोक मदतीला पुढं झाले, तिनं सगळ्यांना मागं सारलं. चिरा छातीशी धरला, उचलला, त्या जागेला लावला.

बसेना.

एलोजीनं माप घेऊन ताशलेला चिरा, त्याच्याच जागेत जाईना. काही सांगतात चिरा वाढला, काही सांगतात एलियाहू हन्नाबीनं पलीकडून हात लावला. मी म्हणतो वरची सागाची फळी खाली दबली असेल, भिंत बसली असेल. पण मी तिथं नव्हतो, आणि जे होते त्यांच्या अंगावर काटा आला, एवढं खरं.

कुणीतरी छिन्नी आणली. बोटभर काढलं की बसेल, म्हणाला.

तिनं चिरा खाली ठेवला आणि त्यावर हात ठेवला. "घाव त्याचे आहेत. ह्याच्यावर दुसरा घाव पडायचा नाही."

दानियल तिथंच खाली बसला. म्हातारा झाला होता तोही. "मग माझ्या मुलीचं काय करू, वहिनी?" तो ओरडला नाही. त्यानं विचारलं.

शेगुलाबाईनं मिलकेकडे पाहिलं. मग गळ्याशी लुगड्याचा काठ धरला आणि टरकन फाडला. आमच्यात घरचं माणूस गेलं की असा कपडा फाडतात. आणि जमिनीवर बसली.

"माझा एलोजी गेला," ती म्हणाली. "आई सांगते. आता कुणी काही विचारू नका."

मुकादमानं तरी विचारलं. "वहिनी, तुला काही कळलंय का?"

"मुकादम, कद्दीश म्हणा."

कद्दीश म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. ती म्हटली. प्रत्येक ओळीला सगळे आमेन म्हणाले. शेगुलाबाईचे ओठ मिटलेले होते. मुकादमानं ते पाहिलं, मिलकेनंही पाहिलं, आणि दोघांनीही जन्मभर कुणाला सांगितलं नाही, असं सांगतात. मग मला कसं कळलं, असं एका पाव्हण्यानं मला विचारलं होतं. त्याला मी चहा दिला नाही.

सुतकाचे दिवस म्हातारी जमिनीवर बसली, शेजारच्या घरांतून जेवण आलं, सगळं रीतीप्रमाणे झालं. पुढं मिलकेचं लग्न ठरलं. शेगुलाबाईनं तिला बापाच्या घरी जाऊ दिलं नाही, आपल्याच घरातून दिली, मुलगी देतात तशी. हिरव्या बांगड्या स्वतः भरल्या. होडीकडे जायच्या वेळी मिलका म्हणाली, "आई, मी आज हो म्हटलं, पण तुम्ही आमेन म्हटलं नव्हतं."

म्हातारी म्हणाली, "भरती उतरेल. होडीत बस."

मिलका गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आडोशाची पाळी कुणाची, असा प्रश्न निघाला. मेलेल्या माणसाच्या जागेसाठी आता कशाला उभं राहायचं, बुजवून टाकू, असंही एक-दोघं म्हणाले. तेवढ्यात शेगुलाबाई आली आणि नेहमीसारखी जाऊन उभी राहिली. फरक एकच. आधी ती पाठ खाडीकडे करून, पदर पसरून, तोंड माणसांकडे ठेवून उभी राहायची. त्या दिवशी तिनं पाठ माणसांकडे केली आणि तोंड खाडीकडे.

मुकादम हळूच म्हणाला, "वहिनी, तू तर सांगितलंस."

"मिलकेसाठी सांगितलं," ती म्हणाली. "ही जागा मी कुणाला दिलेली नाही."

ती मरेपर्यंत उभी राहिली. एलोजी आला नाही. तिच्यानंतर पाळी घरोघर फिरत राहिली, आणि तेव्हापासून जो उभा राहतो तो खाडीकडेच तोंड करतो. वारा तोंडावर घेतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. आमची माणसं उठली आणि इस्रायलला गेली. कुणी लोदला, कुणी दिमोनाला, कुणी बेरशेबाला. ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली त्याच दिशेला गेली, म्हणजे तक्रार तरी कुणाकडे करायची. त्यांनी घरांना कुलपं घातली, ती कुलपंही आता गंजून पडलीत. दोन घरं उरली. दहा बाप्ये जमल्यावाचून आमची पुरी प्रार्थना होत नाही, आणि दहा जमून किती काळ झाला ते मी मोजत नाही. तिकडून फोन येतात, काका, भिंत दुरुस्त करा, सिमेंटचे पैसे पाठवतो. मी सांगतो, पैसे ठेव तुझ्याकडे. तू ये. पाळीला उभा राहा. मग फोन ठेवतात.

आजही दर शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी दिवा लावायचा आणि कुणीतरी तिथं उभं राहायचं. आज शुक्रवारच आहे, आणि माझे गुडघे आता प्रार्थना संपेपर्यंत टिकत नाहीत. तुमच्यातलं कोण उभं राहतंय ते ठरवा. यहुदी नसलात तरी चालेल, वाऱ्याला कळत नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, दिव्यावर वारा येऊ द्यायचा नाही, एवढंच काम. कुणी येतंय का ते बघत बसायचं नाही, असं आम्ही नव्या माणसाला बजावतो.

बघतात सगळेच.