टिटवीचं भाषण

नदीला बारा महिने पाणी असायचं, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या काठी प्राण्यांची सभा भरे आणि सभेत सारसांच्याच भाषेत बोलावं लागे. एकदा म्हशींनी काठावरच्या खडीतून पाण्याकडे नवी वाट मागितली. त्याच खडीत टिटवीची अंडी होती.

सारसांची भाषा शिकायला ती कासवीणआजीकडे गेली आणि अख्खं भाषण तिने घोकून काढलं.

"घोकलंस ते ठीक," आजी म्हणाली, "पण समोरची काय म्हणते ते आधी ऐक गं."

सभेत थोरली म्हैस झोकात बोलली. "या खडीत आहे काय? नुसते दगड! थांबा, चालूनच दाखवते." आणि ती निघालीसुद्धा.

टिटवी बोलायला उभी राहिली आणि सगळं विसरली. बगळे हसले. तिने म्हशीच्या पायांकडे पाहिलं.

"म्हशीताई," येत होत्या तेवढ्याच शब्दांत ती म्हणाली, "पाय... खाली नको. दगड नाही. माझी बाळं."

म्हशीचा पाय अधांतरीच थांबला. खुराखाली ठिपक्याठिपक्यांची अंडी होती, अगदी खड्यांसारखी. तिने पाय हळूच मागे घेतला, आणि वाटेची मागणीही.

संध्याकाळी म्हैस अंड्यांना धक्का लागू नये म्हणून टिटवीपासून जरा लांबच बसली.

"मला तुझी भाषा शिकवशील?"

"कुठून सुरू करू?"

"'जपून चाल' कसं म्हणतात, ते आधी सांग. आमची रेडकं फार उनाड आहेत, तू ओरडलीस तर त्यांना कळायला हवं."